एखादी नवीन थिअरी बरोबर की चूक हे कोलायडरच्या (कणांच्या टक्करी घडवणाऱ्या यंत्राच्या) डेटावरून नक्की कसं ठरवतात? कण खरंच "दिसतो" का, आणि बाहेरच्या माणसाला हे तपासता येतं का?

आधी "दिसतो का" ते उरकतो, कारण तिथेच बहुतेकांचा घोळ होतो. नाही दिसत. हिग्ज बोसॉनचा फोटो म्हणून रंगीत रेघांचं जे चित्र सगळीकडे फिरतं ना, त्या एका टक्करीत हिग्ज होता की नव्हता हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, ज्यांनी तो शोधला ते पण नाही. हिग्ज तयार होतो आणि डिटेक्टरपर्यंत पोचायच्या खूप आधीच तुटतो, आपल्या हाती लागतात ते फक्त तुकडे, म्हणजे दोन फोटॉन किंवा चार इलेक्ट्रॉन-म्युऑन (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) वगैरे, आणि अगदी तसेच तुकडे हिग्ज नसतानाही ढिगाने येतात.

मग करतात काय, तर मोजतात. खरंच एवढंच. दोन फोटॉनांच्या ऊर्जा आणि त्यांच्यातला कोन यावरून "हे दोघं एकाच कणातून आले असतील तर त्याचं वस्तुमान किती" हे काढायचं, असे लाखो इव्हेंट (म्हणजे टक्करी) घेऊन हिस्टोग्राम भरायचा, आणि बघायचं की उतरत जाणाऱ्या गुळगुळीत रेषेवर कुठे उंचवटा आहे का. ४ जुलै २०१२ ला सर्नने (जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा) हिग्ज जाहीर केला तेव्हा १२५ जीईव्हीच्या (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आसपासचा तो उंचवटा इतका बारीक होता की नवख्या माणसाला कोणी बोट ठेवून दाखवल्याशिवाय कळला नसता.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. एलएचसीत, म्हणजे सर्नच्या कोलायडरमध्ये, प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला साधारण ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात, दर वेळी एकाच वेळी डझनावारी टक्करी, म्हणजे सेकंदाला अब्जाच्या घरात. त्यातल्या दीडेक अब्ज टक्करींमागे एक हिग्ज. २०१५ ते २०१८ या काळात अ‍ॅटलस आणि सीएमएस या एलएचसीवरच्या दोन मोठ्या डिटेक्टरांकडे प्रत्येकी ७५-८० लाख हिग्ज तयार झाले असतील, पण त्यातले दोन फोटॉनमध्ये तुटणारे हजारात दोनच.

आता खरी मेख. मोजणं सोपं म्हणत नाही मी, पण त्याहून जास्त डोकं खातं ते "किती यायला हवे होते" हे काढणं. थिअरी म्हणजे कागदावरची समीकरणं, डिटेक्टरमधून येतात ते इलेक्ट्रॉनिक सिग्नल, आणि या दोघांच्या मध्ये लांबलचक साखळी आहे. आधी टक्करीची शक्यता काढायची, त्यासाठी प्रोटॉनच्या आत क्वार्क आणि ग्लुऑन ऊर्जा कशी वाटून घेतात ते माहीत हवं (ते जुन्या प्रयोगांवरूनच घेतात, नुसत्या समीकरणांतून पुरेसं अचूक निघत नाही), मग बाहेर पडलेल्या क्वार्कपासून कणांचे झोत कसे बनतात ते पिथियासारख्या प्रोग्रॅमने सिम्युलेट करायचं, मग ते कण डिटेक्टरच्या लोखंड-सिलिकॉन-तारांमधून कसे जातील ते जीआंट४ या प्रोग्रॅमने, आणि शेवटी या खोट्या डेटावर तोच कोड चालवायचा जो खऱ्या डेटावर चालवणार. प्रत्येक पायरीची आपली एरर. दोन ग्लुऑनांपासून हिग्ज बनण्याचंच गणित घ्या, पहिल्या पायरीला जे उत्तर येतं त्याच्या दुपटीहून जास्त उत्तर पुढच्या पायऱ्या धरल्यावर येतं! त्या गणिताची तिसरी सुधारणा पूर्ण व्हायला २०१५ उजाडलं. म्हणजे पहिल्या पायरीवरच थांबून डेटाशी तुलना केली असती तर "हिग्ज जास्त सापडतायत, नवीन फिजिक्स!" म्हणून नाचलो असतो.

मी नाचलोय तसा. संशोधन नवीन नवीन सुरू केलं होतं, माझ्या हिस्टोग्राममध्ये एका टोकाला डेटा सिम्युलेशनपेक्षा वीस टक्के वर. दोन दिवस मी कोणाला सांगितलं नाही, मनातल्या मनात पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून झालं. तिसऱ्या दिवशी सरांना दाखवलं, त्यांनी उंचवट्याकडे बघितलंच नाही, सरळ विचारलं की बॅकग्राउंडच्या (म्हणजे सिग्नलसारख्याच दिसणाऱ्या साध्या टक्करींच्या) सगळ्या सॅम्पलना करेक्शनचा गुणक लावलास का. एकाला राहिला होता. लावला, उंचवटा गेला. तेव्हापासून कुठलाही "स्टँडर्ड मॉडेलला हादरा" वाला मथळा वाचला (स्टँडर्ड मॉडेल म्हणजे मूलकणांची आजची मान्य थिअरी) की मी आधी बॅकग्राउंड कसं काढलंय तेच शोधतो.

म्हणूनच ५ सिग्माचा नियम (सिग्मा म्हणजे योगायोगाने होणाऱ्या चढउताराचं माप). नवीन काहीच नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा उंचवटा येण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक, असा त्याचा अर्थ. "कण खोटा असण्याची शक्यता ३५ लाखांत एक" असा नाही, ही गल्लत बातम्यांमध्ये कायम असते. एवढा कडक नियम का, तर आपण एकाच जागी बघत नाही, शेकडो हिस्टोग्राममध्ये हजारो जागी बघतो, कुठे ना कुठे ३ सिग्मा निघणारच. डिसेंबर २०१५ मध्ये ७५० जीईव्हीला दोन फोटॉनांचा उंचवटा अ‍ॅटलस आणि सीएमएस दोघांनाही दिसला होता, थिअरीवाल्यांनी पुढच्या काही महिन्यांत शेकडो पेपर पाडले त्यावर, आणि ऑगस्ट २०१६ ला जास्त डेटा आला तेव्हा तिथे काहीच उरलं नव्हतं. कोणाची चूक नव्हती, फासे तसे पडले होते. स्वतःची फसवणूक होऊ नये म्हणून बरेच ग्रुप तर जिथे सिग्नल यायचा तो भाग झाकून ठेवतात, सगळी पद्धत पक्की झाल्यावरच उघडतात.

आणि ५ सिग्मा आला म्हणजे जिंकलं असंही नाही बरं का. डब्ल्यू बोसॉन या कणाचं वस्तुमान बघा. सीडीएफ या प्रयोगाने २०२२ मध्ये टेव्हाट्रॉन या बंद झालेल्या अमेरिकन कोलायडरच्या जुन्या डेटावरून ८०,४३३.५ एमईव्ही (हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही) सांगितलं, एरर फक्त ९.४, आणि स्टँडर्ड मॉडेल म्हणतं ८०,३५७ च्या आसपास. सात सिग्माचा फरक! मग २०२४ मध्ये सीएमएसने जवळपास तेवढ्याच एररने ८०,३६०.२ काढलं, मॉडेलच्या अगदी शेजारी, अ‍ॅटलसचंही तिथेच. म्हणजे हा फरक योगायोगाने येणं जवळजवळ अशक्य, पण कुठेतरी न सापडलेली सिस्टिमॅटिक एरर (मोजण्याच्या पद्धतीतच दडलेली चूक) असणं अजिबात अशक्य नाही, आणि ती सिग्मा मोजून पकडता येत नाही. (असल्या एरर कुठून येतील सांगता येत नाही. एलएचसीच्या आधी त्याच बोगद्यात लेप नावाचा कोलायडर होता, तेव्हा चंद्राच्या ओढीने जमीन किंचित फुगून २७ किलोमीटरचं वर्तुळ मिलिमीटरभर बदलायचं आणि बीमची ऊर्जा हलायची, जवळून जाणाऱ्या रेल्वेच्या विजेचाही परिणाम व्हायचा. हे सगळं शोधून दुरुस्त केलंय लोकांनी.)

आता तुमचा मूळ प्रश्न, नवीन थिअरी कशी तपासतात. लोकांना वाटतं की थिअरीने कण सांगितला की त्याच्यासाठी खास शोधमोहीम काढायची. तसंही करतात, पण बहुतेक थिअऱ्या त्याच्या आधीच आणि गुपचूप मरतात, जुन्या मोजमापांमुळे. तुमचा नवीन कण डब्ल्यूमध्ये तुटत असेल तर तो डब्ल्यूच्या साध्या मोजमापातसुद्धा भर घालणार ना, मग ते मोजमाप तर आधीच छापून आलंय आणि मॉडेलशी जुळतंय, तुमच्या भरीला जागा कुठे आहे? लेपने झेड बोसॉन या कणावरून हलक्या न्यूट्रिनोंचे (जवळजवळ कशालाच न अडणारे कण) प्रकार मोजले, उत्तर ३ ला चिकटून आलं, तिथे नेहमीसारखा चौथा हलका न्यूट्रिनो मागणाऱ्या सगळ्या कल्पना एका फटक्यात संपल्या. तसंच बी मेसॉन नावाचा एक कण दोन म्युऑनमध्ये तुटण्याचं, स्टँडर्ड मॉडेल म्हणतं अब्जात साडेतीनच्या आसपास, सुपरसिमेट्रीच्या (प्रत्येक कणाला एक नवा जोडीदार कण असतो म्हणणारी थिअरी) काही आवृत्त्यांत हे प्रमाण कितीतरी पट वाढू शकत होतं, आणि एलएचसीबी (एलएचसीवरचाच आणखी एक डिटेक्टर) आणि सीएमएसने मोजलं तर मॉडेलच्याच जवळ. एकही नवीन कण न शोधता थिअरीच्या बऱ्याच वाटा बंद.

वाटा म्हणतोय, थिअरी नाही, कारण थिअरीत वस्तुमानं आणि जोडणीचे आकडे मोकळे असतात. "९५ टक्के खात्रीने बाद" असं लिहितात ते त्या आकड्यांच्या एका पट्ट्याबद्दल असतं, आणि तेही कण अमुकच प्रकारे तुटतो अशा गृहीतकावर. सुपरसिमेट्री मेली असं कोणी म्हटलं तर कुठली ते विचारा. माझं स्वतःचं मत विचाराल तर दर वेळी वस्तुमान थोडं वर सरकवून जिवंत ठेवलेल्या मॉडेलांमध्ये मला फार रस उरलेला नाही, पण ते मत आहे, मोजमाप नाही.

बाहेरच्या माणसाला तपासता येतं का, तर हो, आणि हे मला फार आवडतं. छापलेल्या मोजमापांचे आकडे हेपडेटा या साइटवर फुकट मिळतात, रिव्हेट नावाच्या प्रोग्रॅममध्ये शेकडो विश्लेषणं कोड करून ठेवलेली आहेत, आणि कॉन्टूर म्हणून एक आहे त्याला तुमचं मॉडेल दिलं की ते रिव्हेटमधल्या मोजमापांना लावून बघतं आणि कुठला भाग आधीच बाद आहे ते सांगतं. फक्त एक अट, मोजमाप असं दिलेलं हवं की डिटेक्टरचा परिणाम काढून टाकलाय आणि डिटेक्टर जिथे बघू शकतो तेवढ्याच भागाबद्दल बोललंय, नाहीतर मोजमापातच जुन्या मॉडेलची गृहीतकं मिसळतात आणि नव्या थिअरीशी तुलना प्रामाणिक राहत नाही.

पण लगेच तिथे उडी मारू नका. सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएसचा खरा डेटा आहे, त्यातले दोन म्युऑनवाले इव्हेंट घ्या, वर सांगितलं तसं वस्तुमान काढा, हिस्टोग्राम भरा. पायथन येत असेल तर एका संध्याकाळचं काम. ९१ जीईव्हीला झेड उभा राहतो, ३.१ ला जे-साय नावाचा कण. आणि ९१ ऐवजी भलतीकडे आला तर नवीन कण नाही, युनिट तपासा.