प्रवासात दात दुखला तर? वाचकांचे प्रश्न, डेंटिस्टची उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की घरापासून लांब असताना दातांनी कधी त्रास दिलाय का, आणि मग पत्रं येतच राहिली. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही म्हणून जे प्रश्न परत परत आले ते घेतेय. एक गोष्ट मात्र जवळपास प्रत्येक पत्रात दिसली आणि ती वाचून फार वाईट वाटलं, दुखत होतं पण बाकीच्यांची ट्रीप खराब नको म्हणून कुणी बोललंच नाही. आई बोलली नाही, बाबा बोलले नाहीत. प्लीज बोला, दात दुखतोय हे पहिल्या दिवशी कळलं तर त्यावर अर्ध्या तासाचं काम असतं आणि चौथ्या दिवशी कळलं तर कधीकधी हॉस्पिटल असतं.

प्रश्न : आई दरवर्षी माऊलींच्या पालखीसोबत आळंदीहून चालत जाते. यंदा लोणंदच्या मुक्कामाला रात्री तिची दाढ इतकी ठणकायला लागली की ती पूर्ण रात्र तंबूबाहेर बसून राहिली, गार पाण्याची गुळणी तोंडात धरली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दिंडीतल्या कुणीतरी ॲस्पिरिन कुटून दाढेपाशी दाबून ठेवायला सांगितलं. सकाळी हिरडी पांढरीफटक, साल निघतेय, आणि दाढ दुखतेच आहे. असं का झालं? (एक वाचक, वाई)

उत्तर : ताई, ॲस्पिरिन मुळात ॲसिड आहे, ते हिरडीवर किंवा गालाच्या आतल्या बाजूला दाबून ठेवलं की तिथली कातडी भाजते, म्हणून ती पांढरी साल. गोळीचा उपयोग ती पोटात जाऊन रक्तात मिसळली तरच होतो, दाढेवर ठेवून काहीच होत नाही. भाजलेली जागा साधारण आठवडा-दोन आठवड्यात भरून येते, तोवर आईंना तिखट आणि गरम देऊ नका, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू ठेवा.

आता दाढेचं. दाताच्या आत मधोमध नस असते आणि तिच्या चहूबाजूंनी कडक भिंत. कीड तिथवर पोचली की नसेला सूज येते पण पसरायला जागाच नाही, म्हणून तो ठणका. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो म्हणून रात्री जास्त. त्यामुळे झोपायचंच असेल तर दोन उशा किंवा पिशवी डोक्याखाली घेऊन उंच झोपायचं. आणि गार पाण्याने बरं वाटणं हे चांगलं लक्षण नाही हे लक्षात ठेवा, त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा की नस आता परत बरी होणार नाही, रूट कॅनल किंवा दाढ काढणं यातलं एक करावंच लागेल.

त्या रात्रीपुरतं काय करायचं तर, पोटात काहीतरी खाऊन आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० एकत्र घेतलं तर मोठ्या माणसाचा दातांचा ठणका बऱ्यापैकी उतरतो, एकेकटी गोळी घेण्यापेक्षा जास्त. पण किडनीचा त्रास, अल्सर, दमा, रक्त पातळ करायची गोळी, गरोदरपण, किंवा अंगात ताप आणि डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन नको, फक्त पॅरासिटामॉल. बाजारात या दोन्हीची मिळून एकच गोळी पण मिळते, ती घेतल्यावर वरून परत पॅरासिटामॉल घेताना हिशोब ठेवा, घाबरून लोक दर दोन तासाला गोळ्या खातात आणि ते लिव्हरला महागात पडतं. लवंग तेल चालेल, त्यातलं युजेनॉल खरंच बधिर करतं, पण कापसाच्या छोट्या बोळ्यावर एक थेंब घेऊन फक्त दाढेच्या खड्ड्यात ठेवायचं, हिरडीला लागलं तर तेही भाजतं. तंबाखू, मिश्री, पेट्रोल, बामचे प्रकार अजिबात नकोत (पेट्रोलवाली दोन पत्रं आलीत, म्हणून लिहितेय).

आणि उजाडल्यावर लगेच डेंटिस्ट. लोणंद, फलटण, नातेपुते, या सगळीकडे दवाखाने आहेत, बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो, पालखीसोबतच्या आरोग्य पथकाला विचारलं तर ते सांगतात. दाढ उघडून आतली नस साफ करून वर तात्पुरतं सिमेंट भरलं की ठणका बहुतेक त्याच दिवशी बसतो, आईंना गाडीने पुढच्या मुक्कामाला सोडून वारी पूर्ण करता आली असती, उरलेलं रूट कॅनल घरी आल्यावर. नुसती अँटिबायोटिक खाऊन नसेचा ठणका जात नाही, सूज किंवा ताप नसेल तर तिचा उपयोग नाही, मेडिकलवाल्याने दिली तरी.

प्रश्न : मालवणला गेलो होतो, रिसॉर्टच्या पूलच्या कडेला मुलगा पाय घसरून पडला आणि समोरचा वरचा दात मुळासकट बाहेर आला. वय ९. आम्ही दात नळाखाली घासून धुतला, रुमालात गुंडाळला आणि तीन तासांनी डॉक्टरांकडे पोचलो. ते म्हणाले लवकर यायला हवं होतं. म्हणजे नक्की किती लवकर? (आई, कोल्हापूर)

उत्तर : हे उत्तर मला सगळ्या पालकांनी वाचायला हवंय, मुलं नसतील त्यांनी पण.

नऊ वर्षाच्या मुलाचा समोरचा पटाशीचा दात म्हणजे कायमचा दात, दुधाचा नाही. तो बाहेर पडतो तेव्हा मुळाच्या अंगावर एक नाजूक पातळ थर चिकटून येतो आणि त्याच थरामुळे दात परत हाडाला धरतो. तो थर कोरडा पडला की मरतो. अर्ध्या तासाच्या आत दात परत जागेवर बसला तर सगळ्यात उत्तम, तासाभराने आशा झपाट्याने कमी होते. तुम्ही घासून धुतलात आणि कोरड्या रुमालात ठेवलात, यात तुमचा दोष नाही, शाळेत कुणी शिकवतच नाही हे.

तर करायचं असं. दात वरच्या बाजूने धरायचा, जो भाग हसताना दिसतो तिथून, मुळाला बोट लावायचं नाही. माती असेल तर दुधाने किंवा नळाच्या धारेखाली काही सेकंद फक्त विसळायचा, घासायचा नाही, साबण नाही. मग पोराला खाली बसवून, फुगीर गुळगुळीत बाजू ओठाकडे आणि खोलगट बाजू जिभेकडे ठेवून दात हळूच त्याच खड्ड्यात सरकवायचा. हो, तिथेच, पूलच्या कडेला, तुम्ही स्वतः. भीती वाटते मान्य आहे, पण लगेच केलं तर दात बऱ्याचदा सहज आत जातो. मग स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचं आणि गाडी काढायची. नाहीच जमलं तर दात गार दुधात टाकून न्यायचा, मालवण असो की महाबळेश्वर, चहाच्या टपरीवर दूध असतंच. दूध नसेल तर एखाद्या वाटीत पोराला थुंकायला सांगून त्या थुंकीत ठेवा. साध्या पाण्यात बुडवून नेऊ नका, पाण्याने त्या पेशी फुटतात. डॉक्टर शेजारच्या दातांना बारीक तार लावून साधारण दोन आठवडे तो दात स्थिर ठेवतात, पुढे बहुतेकदा रूट कॅनल लागतं, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते विचारतात.

दुधाचा दात पडला असेल तर परत बसवायचा नाही, खालून येणाऱ्या दाताला इजा होते. आणि पोरगं बेशुद्ध झालं असेल, उलटी करत असेल, गुंगीत असेल तर दात राहू दे, आधी डोक्यासाठी हॉस्पिटल.

तुमच्या मुलाचा दात तीन तासांनी का होईना बसवलाय ते बरं केलं. अशा उशिरा बसवलेल्या दाताचं मूळ हळूहळू विरघळत जाऊ शकतं आणि दात हाडाला जखडू शकतो, पण वाढत्या वयात तेवढी वर्षं तिथलं हाड टिकतं आणि पोरगं मोकळेपणाने हसतं, हे पण कमी नाही. ठरलेले एक्सरे चुकवू नका.

प्रश्न : हरिश्चंद्रगडावर मुलीच्या ब्रेसेसची तार सुटून गालात टोचायला लागली, नेलकटरने कापली तर चालते का? (बाबा, नाशिक)

उत्तर : नको, तुकडा घशात जाऊ शकतो. पेन्सिलच्या खोडरबराच्या टोकाने तार हलकेच दाताकडे दाबा आणि वर ब्रेसेसचं मेण लावा. मेणाची छोटी डबी सॅकमध्ये असू द्या, ती ब्रेसेस लावणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मागितली की मिळते.

प्रश्न : पुण्याहून दिल्लीच्या विमानात दाढेत अचानक इतकी कळ आली की डोळ्यात पाणी आलं, उतरल्यावर एकदम बंद. खाली असताना ती दाढ दुखतच नाही. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : विमानाच्या आत हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढाच, म्हणजे जमिनीवरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणून दाताच्या आत कुठे हवा किंवा गॅस अडकला असेल, म्हणजे फिलिंगखाली कीड, अर्धमेली नस, मुळाशी पू, तर तो फुगतो आणि कळ येते. उतरल्यावर थांबलं म्हणून सोडून देऊ नका, तो दात आजारी आहे, एक्सरे काढा. फक्त एक, सर्दी झालेली असताना वरच्या तीन-चार दाढा एकत्र दुखल्या तर तो सायनस असू शकतो, दात नाही.

प्रश्न : गणपतीला गावी गेले होते, चिक्की खाताना दाढेची कॅप निघून हातात आली. भावोजींनी फेविक्विकने चिकटवून दिली. आता मुंबईत डॉक्टर म्हणतात ती दाढच वाचणार नाही. (एक वाचक, लांजा)

उत्तर : फेविक्विक दाताला लावायचं नाही, कधीच नाही. ते लागताना गरम होतं, हिरडी भाजते, कॅप किंचित तिरकी बसते आणि फटीतून आत कीड चालू राहते जी तुम्हाला दिसत नाही. कॅप निघाली तर ती धुवून डबीत ठेवा, दाढ उघडी राहिली तरी त्या बाजूने चावू नका आणि ब्रशने साफ ठेवा. दात समोरचा असेल आणि लग्नकार्यात उभं राहायचं असेल तर कवळी चिकटवायची पेस्ट मेडिकलमध्ये मिळते, ती कॅपमध्ये थोडीशी लावून नीट बसत असेल तरच बसवा, आणि रात्री झोपताना न विसरता काढून ठेवा, झोपेत श्वासनळीत जाऊ शकते. चार-पाच दिवसात डॉक्टरकडे गेलं तर बहुतेकदा तीच कॅप परत बसते.

प्रश्न : बाबा (वय ६४, शुगर आहे) केदारनाथच्या ट्रीपला गेले होते. गुप्तकाशीला गालाला सूज आली, मेडिकलमधून गोळ्या घेऊन तसेच वर गेले. खाली ऋषिकेशला येईपर्यंत तोंड उघडत नव्हतं, ॲडमिट करावं लागलं. दाढेमुळे एवढं होऊ शकतं? (मुलगी, अमरावती)

उत्तर : होऊ शकतं, आणि बाबा वाचले हे ऐकून हायसं वाटलं. खालच्या दाढेच्या मुळाचा पू जबड्याखाली आणि जिभेखाली पसरला तर जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद व्हायला लागते. विल्हेल्म फॉन लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये याचं वर्णन केलं, आजही याला लुडविग अंजायना म्हणतात आणि आजही यात माणसं दगावतात. शुगर असलेल्यांत जंतुसंसर्ग वेगाने पसरतो.

म्हणून हे पाठच करून ठेवा : तोंड दोन बोटंही उघडत नाही, गिळताना त्रास, लाळ गळतेय, आवाज जड झालाय, हनुवटीखाली कडक सूज, डोळ्याकडे सरकणारी सूज, ताप आणि थंडी. यातलं काहीही दिसलं तर त्याच रात्री मोठं हॉस्पिटल, दर्शन नंतर होईल, देव कुठे जात नाही. महाराष्ट्रात १०८ ला फोन, देशात कुठेही ११२, ट्रेनमध्ये असाल तर १३९. सुजेवर गरम शेक देऊ नका, बाहेरून गार पट्टी ठेवली तर चालते. आणि ग्रुप लीडरला सांगा की आमचा माणूस इथेच थांबतोय. टूरचे पैसे वाया जातील म्हणून लोक वर जातात, त्या पैशांचं दुःख मला कळतं, तरीही थांबा.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला पाच महिने जातोय आम्ही दोघं. दातांचं काय बघून ठेवू? (काका, डोंबिवली)

उत्तर : काका, हा प्रश्न निघायच्या आधी विचारलात, फार छान केलंत. तिकडे दाताची ट्रीटमेंट खिशाला खूप जड जाते आणि व्हिजिटर इन्शुरन्समध्ये डेंटल असलंच तर बहुधा अचानक उठलेल्या दुखण्यापुरतं, तेही ठराविक रकमेपर्यंत, आधीपासून किडलेल्या दाढेचं रूट कॅनल त्यात सहसा बसत नाही. पॉलिसीतलं ते पान मुलीला पाठवून नीट वाचायला सांगा. अडलंच तर तिकडच्या डेंटल कॉलेजात फी तुलनेने कमी असते, न्यू जर्सीहून न्यूयॉर्क जवळ आहे आणि तिथे एनवाययूचं (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं) मोठं डेंटल कॉलेज आहे. अँटिबायोटिक तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. तुम्हाला रक्त पातळ करायची गोळी किंवा बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं इंग्रजीत लिहून पाकिटात ठेवा, दात काढायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच येतो.

तिकीट काढलंय त्याच आठवड्यात दोघांचं चेकअप करून पूर्ण जबड्याचा एक्सरे काढा, त्याचा फोटो मोबाईलमध्ये राहू द्या आणि मुलीलाही पाठवा. हलणारी कॅप, जुनं फुटकं फिलिंग, अधूनमधून कुरकुरणारी दाढ, सगळं आत्ताच सांगा डॉक्टरांना, काही लपवू नका. रूट कॅनल आणि त्यावर कॅप मिळून दोन-तीन आठवडे सहज जातात, काकूंची कवळी असेल तर नवी सवयीची व्हायला त्याहून जास्त, जुनी कवळी पण बॅगेत टाका.