नागपूर: टेरिकॉटच्या गणवेशाने मुलाला घामोळं येतं, शाळा सुती कापड चालवून घेईल का?
बहुतेक घेते, पण तोंडी विचारू नका. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या, सोबत त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि झेरॉक्सवर पोच घ्या. मी पालक-शिक्षक संघात आहे, असे अर्ज दरवर्षी मार्चपासून येतात. ‘गणवेशातून सूट द्या’ असं लिहिलं की नकार ठरलेलाच. ‘रंग तोच, शिलाई तीच, फक्त कापड सुती’ असं लिहा. गांधीबागच्या कापड बाजारातून रंग जुळवून आणा आणि वीतभर तुकडा अर्जाला टाचा. तो हातात घेतला की बाईंचा अर्धा विरोध तिथेच मावळतो. मात्र ही मुभा सहसा उन्हाळ्यापुरतीच असते. २६ जानेवारीला नेहमीचाच गणवेश लागेल, पण तेव्हा थंडी असते, निभतं.