अर्धे पैसे गॅलरीच खाते का हो?

प्रश्न : मुलगी मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून पेंटिंग शिकून बाहेर पडली. मुंबईतली एक गॅलरी 'आम्ही तुला रिप्रेझेंट करतो' म्हणतेय, पण विक्रीचे निम्मे पैसे त्यांचे. घरात सगळे म्हणतात ही सरळ लूट आहे, त्यापेक्षा जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन लावू. काय करावं? आणि तिने सोबत नोकरी धरावी का?
– एक आई, सांगली

ताई, आधी जहांगीरचं सांगते. 1952 पासूनची जागा, मानाचीच आहे, पण ते मंगल कार्यालयासारखं बघा, अर्ज करायचा, निवड झाली की तारखेसाठी काही वर्षं थांबायचं, भाडं भरायचं, आठवडाभर हॉल आपला आणि कार्य उरकलं की सामान उचला. चित्रं विकली गेली नाहीत तर ती टेम्पोत घालून परत सांगलीला, त्याचं त्यांना काही नाही. रिप्रेझेंट म्हणजे मात्र संसार, गॅलरी वर्षानुवर्षं तिची चित्रं दाखवते, विकते.

मुंबईच्या केमोल्ड गॅलरीचंच घ्या. केकू गांधींचा 1941 पासून फ्रेमचा धंदा, त्यातून 1963 साली त्यांनी आणि पत्नी खोर्शेदबाईंनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी काढली, म्हणजे खाली भाड्याचा हॉल आणि वर ही! 2007 मध्ये ती फोर्टात प्रेस्कॉट रोडला गेली, आता मुलगी शिरीन बघतात. चित्रकार अतुल दोडियांचं पहिलं सोलो (एकट्याचं प्रदर्शन) तिथे 1989 ला झालं. चित्रकार जितीश कल्लाट 1996 ला जेजेतून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांचं पहिलं सोलो तिथे लागलं, आणि ही मंडळी नंतरही वर्षानुवर्षं तिथे दाखवत राहिली. हे पन्नास टक्के असल्या लांबच्या सोबतीचे असतात.

शिवाय खर्च बघा ना, फोर्ट-कुलाब्याचं भाडं, लाईट, फोटो, कॅटलॉग, विमा, आर्ट फेअरचा स्टॉल. एक शो उतरला की भिंतीतली खिळ्यांची भोकं लांबी भरून, घासून परत पांढरी करतात, मग माणूस शिडीवर चढून लेव्हल लावून नवीन चित्रं टांगतो, दर महिना-दीड महिन्याने हेच. आणि ज्या शोत एकही लाल टिकली (चित्र विकल्याची खूण) लागत नाही त्याचा खर्चही गॅलरीच सोसते. त्यामुळे निम्मे हा बऱ्याच गॅलऱ्यांचा रेट आहे, त्यावर भांडू नका.

भांडायचं ते बाकीच्या गोष्टींवर. गिऱ्हाइकाला डिस्काउंट दिला तर तो कोणाच्या हिश्शातून? पैसे किती दिवसांत देणार? दुसऱ्या शहरात दुसऱ्या गॅलरीकडे दाखवलं तर चालेल का (दोडिया, कल्लाट परदेशातल्या गॅलऱ्यांकडेही दाखवतात, त्यात वावगं काही नाही)? आणि प्रत्येक चित्र देताना पावती, साइज-मीडियम-किंमत लिहून, सहीची. मी तरुणपणी एका गॅलरीत तोंडी भरवशावर पाच चित्रं ठेवून आले होते, दोन वर्षांनी चार परत आली, त्यातल्या एकाचा कोपरा दुमडलेला. पाचवं कुठे गेलं हे विचारायला माझ्याकडे कागद कुठे होता!

नोकरीचंही विचारलंयत. चित्रकार सुधीर पटवर्धन 2005 पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते आणि रंगवत होते. चित्रकार भूपेन खख्खर तर बडोद्यात हिशोब तपासायचे. नोकरी असू द्या.

प्रश्न : गायतोंडेंचं चित्र 67 कोटींना गेलं म्हणे. त्यातले चित्रकाराच्या घरच्यांना किती मिळतात?
– एक वाचक, नागपूर

गायतोंडे तुमच्या नागपुरात जन्मलेले, गिरगावच्या चाळीत वाढलेले, 2001 ला गेले. हा लिलाव 2025 चा. म्हणजे पैसे गेले चित्र आधी ज्याच्याकडे होतं त्याला आणि लिलाववाल्यांना. तसं आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 53अ आहे, मूळ चित्र दहा हजारांच्या वर परत विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना हिस्सा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. पण मागितलेला आणि मिळालेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. हां, चित्र विकलं तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, वेगळं लिहून दिलं नसेल तर. म्हणून विकत घेतलेल्या चित्राची कॅलेंडरं छापू नका.

प्रश्न : या गॅलऱ्यांचं दार कायम बंद असतं, आत एसी, एक मुलगी लॅपटॉपवर. आमच्यासारख्यांनी घंटी वाजवली तर हाकलतील का? तिकीट असतं?
– एक वाचक, डोंबिवली

तिकीट-बिकीट काही नाही, कोणीही जावं. दार बंद ते एसीसाठी आणि चित्रांसाठी. भिंतीवर बहुतेक किंमत नसते, टेबलावर यादी मागायची, ती मागितली म्हणजे घ्यायलाच आलात असं कोणी समजत नाही. रविवारी मात्र बहुतेक बंद, शनिवारी जा. एकदम भीती वाटत असेल तर जानेवारीतल्या मुंबई गॅलरी वीकेंडला जा, 2012 पासून चालू आहे, तेव्हा इतकी गर्दी असते की तुमच्याकडे कोणाचं लक्षच जाणार नाही. आणि ती लॅपटॉपवरची मुलगी बरेचदा स्वतःच आर्टस्कूलमधून आलेली असते हो, एखाद्या चित्राचं नीट विचारा, अर्धा तास सोडत नाही.