क्लायंट टीडीएस कापतात, तरी ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की याच वर्षी नोकरी सोडून स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामं घ्यायला लागलात. इथले दोन क्लायंट १० टक्के टीडीएस (बिलाचे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापतात, परदेशातला एक काहीच कापत नाही, आणि मित्राचं म्हणणं आहे की टीडीएस कापला म्हणजे टॅक्स भरला, उरलंसुरलं जुलैत रिटर्नच्या वेळी बघता येतं. मित्र चुकीचं सांगतोय. हेच वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी तुमच्यापुरतं. वर्षाचा एकूण कर काढायचा, त्यातून टीडीएस वजा करायचा, आणि राहिलेली रक्कम १० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर, लागतोच. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण.

समजा वर्षाला ३० लाख आले, त्यातले २० लाख परदेशातून. खर्च ६ लाख, म्हणजे उत्पन्न २४ लाख. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीच्या स्लॅबनुसार कर ३ लाख आणि ४ टक्के सेस धरून ३ लाख १२ हजार. इथल्या क्लायंटनी १० लाखांवर कापलेले १ लाख वजा केले की उरले २ लाख १२ हजार. हे सगळं ३१ जुलैला रिटर्नबरोबर भरलं, तर कलम २३४सीचं (हप्ते चुकल्याबद्दलचं) १०,७०६ आणि २३४बीचं (वर्ष संपल्यावरही कर थकल्याबद्दलचं) ८,४८० असं मिळून १९ हजारांच्या वर नुसतं व्याज जातं. 'महिन्याला एकच टक्का' म्हणणाऱ्यांनी त्याला बाराने गुणून बघावं आणि बचत खात्यावर बँक किती देते तेही बघावं.

आता टीडीएसबद्दल. मी स्ट्रक्चरल डिझाइनची कामं घेते, नोकरी सोडून बराच काळ झाला. काही वर्षांपूर्वी एका बिल्डरच्या मोठ्या प्रकल्पाचं काम माझ्याकडे होतं. माझ्या त्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा तिथून येत होता. प्रत्येक बिलातून १० टक्के कापून बाकीचे पैसे वेळेवर जमा व्हायचे, तक्रारीला जागा नव्हती. माझी सवय अशी की ॲडव्हान्स टॅक्सच्या प्रत्येक तारखेआधी २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणारं आयकर खात्याचं पान, उघडायचं आणि आपल्या बिलांशी ताडून बघायचं. सप्टेंबरात उघडलं तर एप्रिल ते जून या तिमाहीची त्यांची एकही नोंद नाही. त्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न ३१ जुलैपर्यंत भरायचं असतं, म्हणजे नोंद दिसायला हवी होती. अकाउंट्सला फोन केला. "होईल मॅडम, रिटर्न भरायचं राहिलंय." नोव्हेंबर उजाडला, पुढच्या तिमाहीची ३१ ऑक्टोबरची मुदतही उलटली, तरी पान कोरंच. साइट ऑफिसला जाऊन अकाउंटंटसमोर बसले तेव्हा कळलं की रिटर्नच नाही, पैसेसुद्धा भरलेले नाहीत. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा करायचा असतो. माझ्या बिलांतून कापलेले पैसे त्यांनी सिमेंट-सळईच्या बिलांना वापरले होते.

भाऊबीजेला दादाकडे हा विषय निघाला. दादा जन्मभर पगारदार, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) आयता हातात येणार. तो म्हणाला, "अगं, कापलेत त्यांनी, भरायचेही त्यांनी. तू कशाला जीव काढतेस? कायदा तुझ्या बाजूने आहे." आणि कायद्याचं त्याचं म्हणणं बरोबर होतं. जुन्या कायद्याचं कलम २०५ सांगतं की कर कापला गेला असेल तर तेवढ्यापुरती वसुली ज्याचे कापले त्याच्याकडून करता येत नाही. पण रिटर्न तपासणारी बेंगळुरूची यंत्रणा बघते २६एएस. तिथे नोंद नसली की क्रेडिट नाकारून कलम १४३(१) ची, तेवढा कर बाकी दाखवणारी नोटीस येते, आणि पुढे कधी रिफंड निघाला तर ती बाकी त्यातून वळती होते. मग तुम्ही बिलं, बँकेचे उतारे, पत्रव्यवहार जोडत बसा. हक्क आपलाच असतो, पण तो सिद्ध करायला कामाचे दिवस जातात आणि स्वतंत्र काम करणाऱ्याला त्या दिवसांचा पगार कोणी देत नाही.

मी १५ डिसेंबरच्या आधी आवर्ती ठेव मोडली, त्या बिल्डरचा टीडीएस शून्य धरला आणि स्वतःच्या खिशातून फरक भरला. बिल्डरला लेखी कळवलं की नोंद दिसेपर्यंत पुढचं एकही ड्रॉइंग मिळणार नाही. स्लॅबचं काम तोंडावर होतं, त्यामुळे पत्राचा परिणाम झाला. वर्ष संपायच्या आत पैसे भरले गेले, रिटर्नही दाखल झालं आणि माझे जादा भरलेले रिफंड म्हणून परत आले, महिन्याला अर्धा टक्का व्याजासह. आपण उशीर केला तर सरकार एक टक्का घेतं, सरकारकडे पैसे राहिले तर अर्धा देतं. कापलेला टीडीएस उशिरा भरणाऱ्याला दीड टक्का लागतो, पण तोही सरकारकडेच जातो. ज्याचे पैसे मधल्या मध्ये अडकले त्याला त्यातला एक रुपया मिळत नाही. हा अन्याय आहे आणि तो बदलायला हवा असं मी मिळेल तिथे बोलते.

दादा आजही म्हणतो की मी उगाच ठेव मोडली. मला तसं वाटत नाही. पगारदाराचा कर हातात येण्याआधीच गेलेला असतो, तो पैसा त्याने कधी पाहिलेलाच नसतो. आपल्या खात्यात पूर्ण रक्कम येते, आठवडाभर दिसते, आणि मग आपल्याच हाताने काढून द्यायची असते. "तुमचं बरंय, महिन्याला काही कापलं जात नाही," असं ऐकलं की म्हणूनच मला राग येतो. गृहकर्जाच्या वेळी बँकेने माझी मागच्या वर्षांची रिटर्न्स मागितली तेव्हा सगळे हिशेब आणि चलानं एका फाइलमध्ये होती, आणि कर्ज माझ्या एकटीच्या उत्पन्नावर मंजूर झालं.

उत्पन्नाचा अंदाज कसा लावायचा, हे तुम्ही विचारलंत. जूनमध्ये बसून मार्चपर्यंतचा अंदाज लावू नका. तारखेच्या आधी आजवर आलेले पैसे आणि नक्की येणार असलेली बिलं एवढंच धरा, त्यावर वर्षाचा कर काढा, पुढच्या तारखेला परत काढा. पहिल्या दोन तारखांना थोडी सूट आहे. जूनला १२ आणि सप्टेंबरला ३६ टक्के भरलेले असले तरी व्याज लागत नाही. परदेशी क्लायंटचे पैसे आले की त्याच दिवशी पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं कार्ड घेऊच नका. चलान भरताना 'ॲडव्हान्स टॅक्स (१००)' निवडा, शेजारचं ३०० म्हणजे सेल्फ असेसमेंट. वर्षही नीट बघा, चुकलेलं चलान दुरुस्त करून घेताना डोक्याला ताप होतो.

काही गोष्टी वरच सांगायला हव्या होत्या, पण टीडीएसच्या विषयात त्या मागे पडल्या. सॉफ्टवेअरचं काम कलम ४४एडीएमध्ये, म्हणजे ठरावीक व्यावसायिकांना खर्चाचा तपशील न देता उत्पन्न दाखवायची जी सोय आहे तिच्यात, बसतं. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल (रोखीने ५ टक्क्यांपेक्षा जास्त घेतलं नसेल तर ७५ लाखांच्या आत) तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, आणि मग चार तारखांची गरजच नाही, १५ मार्चला एकदाच सगळा भरायचा. माझा खर्च निम्म्याहून जास्त असतो म्हणून मी ते घेत नाही, ऑडिट करून घेते. तुमचं हे पहिलंच वर्ष आहे, त्यामुळे काम सुरू होण्याआधीच्या हप्त्यांत त्या उत्पन्नामुळे पडलेल्या कमतरतेवर २३४सी लागत नाही, फक्त त्यावरचा कर पुढच्या हप्त्यांत भरायला हवा. नोकरीच्या महिन्यांचा पगार याच वर्षाच्या उत्पन्नात मिळवायला विसरू नका, स्लॅब त्यानेच वर सरकतो. आणि सगळी जमा १० टक्के टीडीएसवाली असेल, उत्पन्नही बेताचं असेल, तर उलट रिफंडच निघू शकतो. कलमांचे क्रमांक मी जुन्या कायद्यातले दिलेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा आयकर कायदा आहे आणि त्यात क्रमांक बदललेत.

वडिलांचं किंवा आणखी कोणा ज्येष्ठाचं विचारणार असाल तर तेही सांगते. ६० पूर्ण झालेल्यांना ॲडव्हान्स टॅक्स माफ आहे, पण धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. पेन्शन आणि एफडीचं व्याज असेल तर माफ, सल्लागार म्हणून फी घेत असाल तर नाही. दादा निवृत्त झाल्यापासून एका कंपनीला सल्ला देतो, त्याचे १० टक्के कापले जातात आणि 'मी आता सीनियर सिटिझन आहे' असं म्हणून तो गप्प बसतो. दादा, तुला ही सवलत लागू नाही. तुझ्या पेन्शनवर ही फी चढली की तू ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जातोस, १० टक्के कापून भागत नाही. १५ डिसेंबरच्या आधी २६एएस काढून ठेव, मी रविवारी येऊन चलान भरून देते.