मूडबोर्ड राहू दे, वेरूळला जा

अरे, मूडबोर्ड म्हणून नेटवरची चित्रं फलकावर चिकटवून खाली ‘माझी प्रेरणा’ लिहू नकोस, डिझाइनच्या मुलाखतीत लगेच उघडं पडतं. वेरूळच्या सोळा नंबरच्या लेण्यात अर्धा दिवस बस. कैलास वरून खाली कोरत आणलाय, अखंड कातळात. जास्त निघालेला दगड परत लावायची सोयच नाही! फोटो कमी, स्केच जास्त. वारलीतला माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. शेजारी 1972च्या म्युनिक ऑलिंपिकची, जर्मन डिझायनर ओटल आयशरची खेळचिन्हं (प्रत्येक खेळाची साधी माणूस-आकृती) ठेवून बघ. आणि खेळ म्हटलं की क्रिकेटच का? खो-खोत आठ जण आलटून पालटून उलट दिशांना तोंड करून बसतात. पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, पण खो दिला की पाठलाग क्षणात पलीकडे. ते कागदावर मांड. पहिली स्केचेस भिकार येतील, माझीही आली होती. फाडू नकोस.