प्रेम उरले आहे की केवळ सवय?

तुमचा प्रश्न मी दोन-तीन वेळा वाचला. लग्नाला चौदा वर्षे झाली आहेत, फारशी भांडणे होत नाहीत. पती रोज रात्री आठवणीने तुमचा फोन चार्जिंगला लावतात आणि हल्ली तुमचा उजवा खांदा दुखतो म्हणून फोन उशाच्या डाव्या बाजूला ठेवतात. तुम्ही त्यांच्या चष्म्याच्या काचा पुसून ठेवता. मात्र प्रेमाचा उच्चार दोघांपैकी कोणीही कित्येक वर्षांत केलेला नाही. तेव्हा हे प्रेम आहे की निव्वळ सवय, आणि रोजच्या जगण्यात प्रेम म्हणजे नेमके काय, असे तुम्ही विचारले आहे.

मी समुपदेशक नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारात माझ्याकडून एक चूक झाली आणि ती उमगायला फार उशीर लागला. मला जे काही कळले आहे, ते तिच्यातून कळले आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत माझी पत्नी सकाळी बरेच काही बोलत असे. खिडकीच्या गजावर येऊन बसणारा एखादा पक्षी, रात्री पडलेले अर्धवट आठवणारे स्वप्न, कचेरीत आदल्या दिवशी कोणी काय म्हटले, असे विशेष काही नसलेले विषय. मी वर्तमानपत्रातून डोके न काढता ‘हं’ म्हणत असे. मनात दुरावा नव्हता. मला ते बोलणे केवळ महत्त्वाचे वाटत नव्हते. हळूहळू ते कमी झाले आणि मग थांबले, आणि थांबले केव्हा, हेही मला कळले नाही. पुढे कोणी विचारले तर मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असे की तिला सकाळी शांतता लागते. एवढेच नव्हे, तर ती शांतता मिळावी म्हणून मी रेडिओही लावत नसे आणि त्यालाच मी माझे प्रेम समजत असे.

एकदा माझी बहीण आठवडाभर राहायला आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी मला जाग आली ती आतून येणाऱ्या बोलण्याने. माझी पत्नी कितीतरी वेळ, हसत, मध्येच थांबून पुन्हा सुरुवात करत, कसलीशी गोष्ट सांगत होती. मी अंथरुणातच बसून राहिलो. जिला मी शांतताप्रिय समजत होतो, ती मुळात तशी नव्हती. ऐकणारे कोणी नाही म्हणून ती गप्प झाली होती. मी दहा-बारा वर्षे ज्या व्यक्तीची इतक्या निगुतीने काळजी घेत होतो, ती माझ्या मनातच राहत होती.

जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनाबद्दल मी नंतर वाचले, तेव्हा मला आमच्या त्या सकाळी आठवल्या. १९९० च्या सुमारास त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात राहत्या घरासारखी सजवलेली एक प्रयोगशाळा वापरून १३० नवविवाहित जोडप्यांचे साधे, रोजचे वागणे टिपले. एकाने ‘बाहेर बघ’ असे काहीतरी म्हटले, तर दुसरा तिकडे वळतो की नाही, यावर त्यांचे लक्ष होते. सहा वर्षांनी पाहिले, तेव्हा जी जोडपी एकत्र टिकली होती, ती अशा हाकांना १०० पैकी सुमारे ८६ वेळा प्रतिसाद देत आली होती, तर विभक्त झालेल्यांमध्ये हे प्रमाण ३३ च्या आसपास होते. प्रतिसाद दिला म्हणून संसार टिकला की मुळात संसार बरा होता म्हणून प्रतिसाद दिला गेला, हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही, आणि कोणी त्यांवरून आपल्या संसाराचे भाकीत करू नये. परंतु ती हाक किती क्षुल्लक वाटणारी असते, हे मात्र त्यातून मला नेमके दिसले. पक्षी हा विषयच नव्हता. ‘मी पाहते आहे ते तूही पाहा’ एवढेच तिचे म्हणणे होते.

म्हणून प्रेम एका बाजूला आणि सवय दुसऱ्या बाजूला, ही तुमची मांडणी मला पटत नाही. रोज नव्याने ठरवून कोणी कोणाचा फोन चार्जिंगला लावू शकत नाही. माणसाला तेवढी उसंत नसते, आणि आजारपणात, पैशांच्या ओढाताणीत, लहान मुलांच्या जागरणांत तर मुळीच नसते. अशा दिवसांत भावनेला ओहोटी लागते आणि हाताला लागलेले वळणच घर चालवते. तेव्हा सवय असण्यात काही वावगे नाही. पाहायचे ते इतकेच की समोरचा माणूस बदलला तर ती सवय बदलते का. मी रेडिओ न लावणे हीसुद्धा सवयच होती, पण ती एका जुन्या आणि चुकीच्या समजुतीला चिकटलेली होती. तिला डोळे नव्हते.

आयरिस मर्डॉक या तत्त्वज्ञ आणि कादंबरीकार बाईंनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात सासू-सुनेचे एक उदाहरण घेतले आहे. सासूला सून उथळ आणि गडबड करणारी वाटते. वागण्यात मात्र सासू तसे कधीही काही दाखवत नाही. पुढे सासू स्वतःशीच म्हणते की कदाचित माझीच नजर जुनाट असेल, मत्सराची असेल, मी पुन्हा नीट पाहते. आणि पाहता पाहता तिला तोच उथळपणा निर्मळ साधेपणा वाटू लागतो, तीच गडबड आनंदी स्वभावाची खूण वाटू लागते. बाहेर काहीच बदललेले नाही, तरी काहीतरी मोलाचे घडले आहे, असे मर्डॉकबाईंचे म्हणणे आहे. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण वर्षानुवर्षे सोबत राहिलेल्या माणसाकडे आपण पाहणेच सोडून देतो. अनोळखी माणसाशी बोलताना आपण त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घेतो. जवळच्या माणसाच्या बाबतीत मात्र ‘तो तसाच आहे’ म्हणून मोकळे होतो.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आपल्या भाषेत काळजी करणे वेगळे आणि काळजी घेणे वेगळे. तसेच लक्ष देणे वेगळे आणि लक्ष ठेवणे वेगळे. कुठे गेलीस, कोणाशी बोललास, हे सतत विचारणारा माणूस बारीकसारीक गोष्टी टिपत असतो, पण त्याला पाळत म्हणतात. त्याचप्रमाणे समोरच्याच्या पावलांच्या आवाजावरून त्याचा राग ओळखून जो आधीच सावध होतो, त्याचेही निरीक्षण अचूक असते. पण ते भीतीपोटी असते, आणि अशा घरातल्या सावधपणाला कोणी प्रेमाची खूण समजू नये. तुमच्या लिहिण्यात असे काही दिसत नाही. तरीही हे उत्तर इतर कोणी वाचत असेल, त्याच्यासाठी हे लिहिणे मला आवश्यक वाटले.

राहिला प्रश्न शब्दांचा. प्रेम बोलून दाखवावे का? दाखवावे, संकोच वाटला तरी. पण वर्षानुवर्षे न उच्चारलेले मोठे वाक्य एकदम तोंडून निघत नाही, आणि ते निघालेच तर ऐकणारा बावरतो. मी पत्नीला तसे काही म्हणू शकलो नाही. ‘सकाळी तू काही सांगायचीस आणि मी ऐकत नसे’ एवढेच म्हणालो. ती लगेच काही बोलली नाही. त्यानंतर सारे पूर्ववत झाले, असेही नाही. दहा-बारा वर्षांत मोडलेली लय एका वाक्याने परत येत नाही. आता मी वर्तमानपत्र दुपारी वाचतो. काही सकाळी ती बोलते, काही सकाळी खरोखरच गप्प असते, आणि आज यांपैकी कोणती सकाळ आहे, हे मला तिच्याकडे पाहूनच ओळखावे लागते.

तुमच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. फोन चार्जिंगला लावणे ही चौदा वर्षांत जडलेली सवय असू शकेल. तो डाव्या बाजूला ठेवणे ही सवय नव्हे. तुमचा खांदा दुखू लागल्यावर त्यांनी ते कधीतरी पाहिले, झोपेत फोनकडे जाणारा तुमचा हात त्यांच्या लक्षात आला, आणि हाताचे जुने वळण मोडून त्यांनी जागा बदलली. तुम्ही हे जाता जाता, अर्ध्या वाक्यात लिहिले आहे, पण लिहिले आहे, म्हणजे तुमच्याही ते नजरेतून सुटलेले नाही. हे तुमच्या लक्षात आले आहे, हे त्यांना ठाऊक आहे का, तेवढे मात्र तुमच्या प्रश्नावरून कळत नाही. नसेल, तर आज रात्री ते फोन ठेवायला येतील तेव्हा त्यांना सांगा.