पावसाळ्यात बाळ येतंय? मग हे वाच

अगं, जुलैची तारीख आहे ना, मग फ्रॉक-बिक राहू दे, सुती लंगोट भरपूर घे, कारण मुंबईच्या पावसात वाळत घातलेलं दोन-दोन दिवस ओलंच राहतं आणि दमट लंगोट घातला की लगेच रॅश, इस्त्री फिरवून थंड झालेलाच घाल. पहिलं घट्ट पिवळसर चिकाचं दूध अजिबात फुकट घालवू नको, तासाभरात पाजायला मिळेल असं नर्सला आधीच सांगून ठेव. घुटी, वरचं पाणी सहा महिने काहीच नाही आणि मध तर वर्षभर नाही, सासूबाईंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकव म्हणजे वाद नको. जन्मनोंदणी २१ दिवसांत. आणि पहिल्या आठवड्यात उगाच रडू येतं गं, खूप जणींना येतं, पण दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही तर लपवू नको, डॉक्टरांशी बोल. रात्री पाजून झालं की ढेकर नवऱ्याला काढू दे, तू झोप.